दोन सजद्यांच्या मधे

ता. ३ फेब्रुवारी

धाकटे,

सलाम. हे पत्र वाचायच्या आधी खाली बस आणि हातातली सुई बाजूला ठेव.

माझ्या पोटात गाठ निघाली आहे. संत्र्याएवढी, असं फोटो काढणारा म्हणाला. बत्तीस वर्षं नर्स म्हणून मी हेच ऐकत आले, लिंबाएवढी, संत्र्याएवढी, नारळाएवढी. या लोकांना फळांशिवाय माप येत नाही. गाठ कसली आहे ते पोट उघडल्याशिवाय कळणार नाही. चोवीस मार्चला ऑपरेशन आहे. मुलगा दिवसातून चार वेळा विचारतो, आई, भीती वाटते का. मी म्हणते, आयुष्य गेलं त्या टेबलाजवळ उभं राहण्यात, आता जरा आडवं होऊन बघू. तो हसत नाही. बापासारखाच आहे, विनोद तिसऱ्या दिवशी कळतो.

तर काम असं. तुझी अम्मी ती चार रकातींची नमाज पढायची ना, सलातुत तस्बीह? तीनशे तस्बीहची. तिच्या तोंडून ऐकलेलं आठवतं. रोज पढावी, रोज नाही तर आठवड्याला, नाही तर महिन्याला, नाही तर वर्षाला, तेही जमलं नाही तर आयुष्यात एकदा तरी. माझं ते ‘एकदा तरी’ राहिलंय. रोजच्या पाच नमाजांतल्या निम्म्या मी ड्यूटीच्या नावावर बुडवल्या, हे तुझ्यापासून काय लपवायचं. पण टेबलावर जायच्या आधी ही एक पुरी करायची आहे. मशिदीतल्या मौलवीसाहेबांना विचारायची लाज वाटते. पासष्टाव्या वर्षी विचारायची ही गोष्ट नाही. कशी पढायची ते नीट, ओळीने लिही.

फोन करून उपयोग नाही, तुला ऐकू येत नाही. मोबाइलच्या काचेवर लिहायला माझी बोटं वळत नाहीत. आपलं जावा-जावांचं पत्रच बरं.

तुझी,
आपा

ता. ८ फेब्रुवारी

आपा,

सलाम. सुई बाजूला ठेवली होती, पण पत्र वाचून झाल्यावर ती सापडेना. अर्धा तास शोधली. तोपर्यंत रडून घेतलं, म्हणजे कामाचा खोळंबा एकाच वेळी झाला.

हे म्हणतात, जा आणि भाभींजवळ राहा. बाइंडिंगचं दुकान मी बघतो. यांनी बघितलेलं दुकान मला माहीत आहे, शाळेच्या वह्यांना पाठकोऱ्या पानांची उलटी बाजू आत घालून देतील. तरी तुम्ही एक शब्द लिहा, मी येते.

आता नमाज. तस्बीह पाठ असेलच: सुब्हानल्लाहि वल्हम्दु लिल्लाहि व ला इलाह इल्लल्लाहु वल्लाहु अकबर. उभं राहून नियत बांधली, सना पढली की ही पंधरा वेळा. मग अल्हम्दु आणि सूरा झाली की दहा वेळा. रुकूत वाकलात की दहा. परत उभं राहिलात की दहा. कपाळ टेकून सजद्यात दहा. सजद्यातून उठून बसलात की दहा. दुसऱ्या सजद्यात दहा. झाले पंच्याहत्तर. अशा चार रकाती, तीनशे.

तोंडाने आकडा मोजायचा नाही, माळ घ्यायची नाही. बोटं जिथे आहेत तिथेच एकेक दाबायचं. आणि एका जागी तस्बीह कमी पडली तर घाबरायचं नाही, पुढच्या जागी भरून काढायची.

अम्मी म्हणायची, या नमाजेने सगळे गुनाह धुतले जातात. आधीचे, नंतरचे, जुने, नवे, लहान, मोठे, लपवलेले, उघडे, चुकून झालेले, जाणूनबुजून केलेले. मी लहानपणी विचारलं होतं, मग उरलं काय? ती म्हणाली, लोकांचं उरतं. माणसाचं ज्याने काही घेतलं असेल ते त्या माणसानेच माफ करायचं, अल्ला त्यात हात घालत नाही.

तुम्हाला कसले आलेत गुनाह. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जखमांशेजारी उभ्या राहिलात. माझ्या अम्मीला तुम्ही ज्या दिवशी म्हणालात, ‘आणा इकडे, माझ्या हॉस्पिटलात, मी स्वतः टेबलाशी उभी राहीन’, तो दिवस मी विसरलेले नाही. तिच्या नशिबात पुढे जगणं नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

तुमची,
धाकटी

ता. १४ फेब्रुवारी, जुमा

धाकटे,

तुझ्या ओळी भिंतीवर चिकटवल्या आणि आज शुक्रवारी सकाळी साडेअकराला उभी राहिले. मुलगा कामावर, घर रिकामं. माझी ती मागची खोली तुला ठाऊक आहे, इस्त्रीचं टेबल आणि खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना. तिथे जानमाज अंथरली.

उभ्याने पंधरा झाले, दहा झाले. रुकू झाला. सजदा झाला. उठून बसले आणि तिथे मोजणी गेली. सात झाले की आठ, कळेना. परत पहिल्यापासून दाबायला लागले, तर परत तिथेच. शेवटी उठले आणि जानमाज गुंडाळून ठेवली. पहिलीच रकात पुरी झाली नाही.

मला स्वतःचा राग आला. बत्तीस वर्षांत मोजण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. नव्या पोरींना मीच शिकवायची, घाई करू नका, एकेक वस्तू डोळ्यांसमोर धरा आणि मोठ्याने आकडा बोला. आणि आज स्वतःच्या मांडीवरची दहा बोटं मोजता येईनात.

येऊ नकोस. दुकान सांभाळ.

आपा

ता. १८ फेब्रुवारी

आपा,

तुमचं काय चुकतंय ते मी सांगते. ही नमाज पढायच्या दोन रीती आहेत. दुसऱ्या रीतीत दुसऱ्या सजद्यानंतरही बसून दहा पढतात. तुम्ही कुठेतरी ती बघितली असेल आणि डोक्यात दोन्हींचा काला झाला असेल. मी लिहिली तीच धरा. आणि बसल्यावर उजव्या हाताच्या करंगळीपासून सुरू करा, मांडीवरून बोट उचलू नका, नुसतं दाबा.

बाकी तुम्ही आयुष्यभर मोठ्याने आकडे बोलत मोजलंत, आता मुकाट्याने मोजायला मन तयार नाही, एवढंच. मी पण पानांची जुजबंदी करताना टाके मनात मोजते आणि गिऱ्हाईक समोर आलं की विसरते. पान उसवून परत शिवायचं. पुस्तक काही तक्रार करत नाही.

पुढच्या जुम्याला नक्की होईल. कळवा.

धाकटी

ता. २२ फेब्रुवारी

धाकटे,

काल परत उभी राहिले. तुझी एकच रीत धरली. करंगळीपासून सुरू केलं. आता जे लिहिते ते वाचून मला वेड लागलं असं समज, पण तुझ्या नवऱ्याला वाचायला देऊ नकोस.

पहिल्या सजद्यातून उठून बसले आणि माझ्याबरोबर कुणीतरी तस्बीह पढू लागलं. डाव्या बाजूला. बाईचा आवाज, अगदी खालच्या सुरात, ओठ मिटून म्हणावं तसा. माझ्यापेक्षा सावकाश. मी तिच्याबरोबर जाऊ लागले, कारण दुसरं काही करताच येईना. एक, दोन, तीन, बरोबर नऊ झाल्या. नवव्या तस्बीहनंतर तिने दातांतून श्वास आत ओढला आणि थांबली. दहावी आलीच नाही. माझ्या तोंडूनही निघेना.

खिडकी बंद होती. जिन्यावर कोणी नव्हतं. ऊन लख्ख होतं, इस्त्रीच्या टेबलावरची पोराची कॉलर मला स्पष्ट दिसत होती. मी घाबरट नाही, तुला माहीत आहे. मी रात्रपाळीला एकटी मुडद्यांच्या खोलीत जाऊन आले आहे. पण काल त्या उन्हात मी उठून दिवा लावला. जानमाजची डावी कड दबलेली होती, कुणी गुडघा टेकून बसावं तशी. मी हाताने सारखी केली.

एकच गोष्ट डोक्यात आली. नमाज पुरी करायची तर शेवटी डावीकडे तोंड वळवून सलाम फेरावा लागतो. ती बसते तिकडेच. एवढं मला जमेल का, माहीत नाही.

आपा

ता. २६ फेब्रुवारी

आपा,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी सरसाची कढई ढवळत होते. सरस करपला. दुकानभर वास सुटला.

नऊवर थांबतो ना तो आवाज? दोन सजद्यांच्या मधे, बसलेल्या जागी? आणि दातांतून श्वास ओढतो?

आपा, ती अम्मी आहे.

तुमच्या हॉस्पिटलातून घरी आणल्यावर शेवटच्या पाच महिन्यांत तिने एकाही जुम्याला ही नमाज चुकवली नाही. मी तेव्हा नुकतीच बहिरी होत होते, पण जवळ बसलं की तिचा आवाज थोडा यायचा. पोटात कळ यायची म्हणून तिला दुसऱ्यांदा खाली वाकवायचं नाही. नऊ झाले की ती पोट धरायची, दातांतून श्वास ओढायची आणि दहाव्याआधी बराच वेळ थांबायची. दर रकातीला तिथेच. मी शेजारी उशी घेऊन बसायची. ही गोष्ट मी आयुष्यात कुणाला सांगितली नाही. यांनाही नाही. तुम्हाला कशी कळली?

मी सांगते कशी. तुम्ही तिच्यासाठी केलंत ते ती विसरली नाही. तुमचं पोट उघडणार आहे हे कळलं तिला, म्हणून शेजारी येऊन बसते. तुम्ही एकट्या पढता म्हणून सोबत करते. तुम्ही घाबरू नका, खुशाल बसू द्या. थोडं सरका, तिला जागा द्या. तिचे गुडघे दुखायचे.

मला हेवा वाटतो, खरं सांगते. एकोणीस वर्षं झाली, माझ्याकडे ती स्वप्नातसुद्धा आली नाही. माझे कान गेले म्हणून की काय.

तुमची,
धाकटी

ता. ३ मार्च

धाकटे,

तुझं पत्र चार वेळा वाचलं आणि चार वेळा घडी घालून ठेवलं. सोबत करायला येते, असं तू लिहिलंस. ते वाचून मला जेवण गेलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते माझ्या मनात एकोणीस वर्षं पडलेलं आहे. आता ऐक.

पोटाच्या ऑपरेशनला कापडाचे मोठे चौकोन लागतात, रक्त टिपायला आणि आतडी बाजूला धरायला. आम्ही त्यांना मॉप म्हणतो. दहाचा गठ्ठा असतो. सुरुवातीला दोन नर्सा मिळून मोजतात, एक टेबलाजवळची, एक खाली फिरून सामान देणारी. पोट शिवायच्या आधी त्याच दोघी परत मोजतात, मोठ्याने. दहा गेले तर दहा आले पाहिजेत. नाही आले तर शिवायचं नाही, हा नियम.

तुझ्या अम्मीच्या वेळी टेबलाजवळ मी होते. शेवटच्या मोजणीला नऊ आले.

आम्ही परत मोजले. नऊ. खालची म्हणाली, मघाशी एक बादली बाहेर गेली, त्यात गेला असेल. अम्मीचं ब्लडप्रेशर खाली यायला लागलं होतं. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, ‘पूर्ण?’ बादलीत बघायला माणूस पाठवायला हवा होता. थांबवून फोटो काढायला हवा होता. मी म्हणाले, ‘पूर्ण.’

नंतर मी स्वतः जाऊन ती बादली शोधली. ती जाळायला गेली होती. तेव्हापासून मी स्वतःला सांगत आले की तो त्या बादलीतच होता. असेलही. मला खरंच माहीत नाही. पण आता ती माझ्या शेजारी बसून नऊ मोजते आणि थांबते.

चूक झाली, धाकटे. घाईत झाली. तुझ्या अम्मीचंच म्हणणं, माणसाचं घेतलेलं माणसानेच माफ करायचं. ती गेली, तिचं माणूस तू आहेस. तू माफ केल्याशिवाय माझी नमाज पुरी होत नाही, आणि ती पुरी झाल्याशिवाय मला त्या टेबलावर जायचं नाही.

आपा

ता. १५ मार्च

आपा,

उशीर झाला. तुमचं पत्र आल्यापासून आठ दिवस मी काही बांधलं नाही. हे विचारून दमले.

शुक्रवारी मी तीच नमाज पढले. दोन सजद्यांच्या मधे बसले आणि नऊ झाल्यावर थांबले, बराच वेळ. म्हटलं, तिच्याकडे जाते तर माझ्याकडेही येईल. मला ऐकू येत नाही, पण जानमाज दबलेली तरी दिसेल. काही नाही. मी दहावी म्हणून टाकली आणि पुढे गेले. चारही रकाती झाल्या. माझ्या शेजारी कुणी आलं नाही.

घाईत झालेली चूक मी माफ करते. माणूस मरत असताना मोजणी चुकू शकते. मीही दरवर्षी एखाद्या पुस्तकाची पानं वरखाली शिवते.

पण तू एवढंच सांगितलंस. बाकीचं नाही सांगितलंस. मी तुझी पत्रं टाकत नाही, वर्षावर्षाची बांधून ठेवते, कापडी पाठ लावून. त्या वर्षाचं बाड काल काढलं. ऑपरेशननंतर तिसऱ्या महिन्यात मी तुला लिहिलं होतं की अम्मी सारखी म्हणते, माझ्या पोटात काहीतरी राहिलंय, तुझ्या जावेला विचार, ती तिथे होती. तुझं उत्तर मी इथे उतरवते. अक्षर तुझं, शब्द तुझे.

‘अम्मींना म्हणावं, टाके ओढतात तेव्हा असं वाटतं. पोटाचं ऑपरेशन झालेल्या बऱ्याच बायका हेच म्हणतात. मनाचे खेळ असतात. इकडे आणण्याची काही गरज नाही, उगाच प्रवासाचा त्रास. तुम्ही सगळे जास्त विचारत बसू नका, विचारलं की दुखणं वाढतं. त्यांना म्हणावं तस्बीह पढा, मन रमेल.’

मन रमेल.

मी हे पत्र तिला वाचून दाखवलं. त्यानंतर ती म्हणाली की आत काहीतरी आहे, तर मी हसायची. म्हणायची, अम्मी, नर्स तू की ती? एकदा चिडून म्हणाले, ‘नाटकं पुरे आता.’ त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. दोन महिने ती गप्प राहून नऊवर थांबत होती आणि मी उशी घेऊन शेजारी बसून समजत होते की म्हातारपण आहे.

एकोणीस वर्षं मी हे आठवून स्वतःला शिव्या घातल्या. माझ्या आईला मी खोटं पाडलं म्हणून. आणि ते माझ्या हातून करवून घेतलं तू.

मॉपचं मी माफ केलं. या पत्राचं काय ते तू सांग. ते लिहिताना तुला माहीत होतं का?

‘तू’ लिहिलं गेलं. खोडणार नाही.

ता. १९ मार्च

धाकटे,

माहीत होतं.

कपडे बदलायच्या खोलीत, लाकडी बाकावर बसून लिहिलं ते. त्याआधी एक लिहिलं होतं. त्यात लिहिलं होतं, ताबडतोब घेऊन ये, पोट परत उघडावं लागेल, कारण मी तुला भेटल्यावर सांगेन. पाकिटात घातलं. तिकीट लावलं. मग फाडलं.

त्या महिन्यात मी मेट्रन होणार होते. यादीत नाव लागलं होतं. मुलाचं शाळेतलं शेवटचं वर्ष होतं आणि त्याचे अब्बा आजारी. ‘पूर्ण’ म्हणून सही माझी होती. परत पोट उघडलं असतं आणि आत तो सापडला असता, तर माझं सगळं गेलं असतं. नोकरी गेली असती, नाव गेलं असतं. तुझी अम्मी वाचली असती, बहुतेक. मी दोन्ही समोर ठेवून बघितलं आणि दुसरं पत्र लिहिलं. तस्बीहचं वाक्य मी शेवटी घातलं. ते लिहून मला बरं वाटलं होतं, हेही तुला सांगते. वाटलं, चला, काहीतरी चांगलं लिहिलं.

आज परत उभी राहिले. म्हटलं, आता सगळं कबूल करायचं ठरवलंय, आता होईल. ती आली. नऊ झाल्या. श्वास ओढला. आणि मी मोठ्याने बोलले. नमाजेत, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं, जसं त्या दिवशी बोलायला हवं होतं तसं. म्हणाले, ‘एक आत आहे. शिवू नका.’

नमाजेत माणसासारखं बोललं की नमाज तुटते. तुटली. मी डावीकडे बघितलं. तिथे कोणी नव्हतं. मी तोंड तिकडे करूनच जानमाज गुंडाळली.

आता परत उभी राहणार नाही. ती पुरी होणं माझ्या नशिबात असेल असं वाटत नाही आणि तसं असलं तर ते बरोबरच आहे. सोमवारी सकाळी आठला मला आत नेतील. मी माफी मागते. मॉपची नाही, पत्राची. देत नाही म्हणालीस तरी मी समजून घेईन.

आपा

ता. २४ मार्च, हॉस्पिटल

आपा,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. काल दुपारी निघाले आणि आज पोचले तेव्हा आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. तुला आत नेलं होतं. मुलगा बाकावर बसलाय, तुझी चप्पल मांडीवर धरून. खाली ठेव म्हटलं तर ठेवत नाही. हे पत्र शुद्धीवर आल्यावर वाच. मी समोरच असेन, पण घशात नळी घातली म्हणून तुला बोलता येणार नाही, आणि तू बोललीस तरी मला ऐकू येणार नाही. तेव्हा आधी वाचून घे.

एकदा ‘तू’ म्हटलं, आता परत ‘तुम्ही’ म्हणायला जीभ वळत नाही. सवय करून घे.

माफीचं ऐक. पत्रात मागितलेली माफी मी देणार नाही. पत्रात तू एकदा खोटं लिहिलंस आणि मी ते खरं मानून माझ्या आईला वाचून दाखवलं. कागदावर तुझं काहीही माझ्याच्याने आता खरं धरवत नाही, हे परवाचंसुद्धा. तुला मागायची असेल तर उठून बस आणि समोर तोंड करून माग. मला ओठ दिसले पाहिजेत. कान गेल्यापासून मी ओठांवरच जगते, ओठ खोटं बोलले तर मला कळतं. मग मी काय म्हणायचं ते म्हणेन. आत्ता काय म्हणेन ते मलाही माहीत नाही. रात्रभर बसमध्ये कधी वाटलं, तू त्या टेबलावरच राहावीस. कधी वाटलं, तू गेलीस तर मी हे कुणाला विचारू. पहाटे फक्त दुसरंच वाटत होतं. तेव्हा तुला परत यावं लागेल.

साडेदहाला आतून एक नर्स बाहेर आली. पंचविशीची असेल. मी तिचा दंड धरला. ती काहीतरी बोलली, पण तोंडावर मास्क होता, मला काहीच कळेना. मी तिला मास्क खाली करायला लावला. तिला म्हटलं, मी बहिरी आहे, सावकाश बोल. पोट शिवायच्या आधी मोजणी होते, ती झाली की बाहेर येऊन मला सांगायची. ती म्हणाली, नातेवाइकांना ते सांगत नाहीत. मी म्हटलं, मला सांगायचं. तिला माझ्या तोंडाकडे बघून काय वाटलं कोण जाणे, मान हलवून गेली.

बाराला आली. तुझा मुलगा उभा राहिला. तिने स्वतःच मास्क खाली केला आणि माझ्यासमोर येऊन, ओठ नीट उघडून म्हणाली, ‘पूर्ण.’

मी विचारलं, दोघींनी मोजलं? म्हणाली, दोघींनी. शिवायला घेतलं का? म्हणाली, अजून नाही, आता घेतील.

मी म्हटलं, ‘पुन्हा एकदा मोज.’

ती मास्क चढवून आत गेली.